बारा किलो पाहुणे

आमचे आबा गळ्यात तुळशीची माळ घालून धुळ्यातल्या एका मटणाच्या खानावळीत आचारी होते. हे वाक्य आज मी बिनदिक्कत लिहिते आहे. विशीत असताना कोणी मला हे लिहायला लावलं असतं, तर मी पेन मोडून टाकलं असतं. माळ नुसती दाखवायला नव्हती. आबांनी जन्मात कधी मांसाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. रस्त्यात अंड्याचं टरफल पडलेलं दिसलं तरी ते सायकल बाजूनं काढत. आणि तरी रोज सकाळी सात वाजता धोतराचा सोगा खोचून, हँडलला पिशवी अडकवून हा माणूस बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत अक्काच्या खानावळीत जायचा आणि निम्मं धुळं ज्याच्यासाठी बाकड्यावर खेटून बसायचं तो काळा रस्सा करायचा. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मी ती सरळ करून लिहिते आहे. माय असती तर म्हणाली असती, शैले, फार शहाणी झालीस.

आबा मूळचे पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातले, धुळ्यात येऊन राहिलेले लग्नाचे आचारी. लग्नसराई चार महिन्यांची. बाकीचे आठ महिने लोक लग्न न करता जगतात, याचा आबांना मनापासून राग यायचा. अशाच एका लग्नात अक्का जेवायला बसली होती. अक्का म्हणजे रुंद हाडाची, हातभर गोंदलेली बाई. नवरा गेल्यावर खानावळ तिनं एकटीनं उभी केली होती. पानात शेवभाजी आली, तेव्हा तिनं शेव बाजूला सारली आणि नुसता रस्सा तीन वाट्या प्यायली. चौथ्या दिवशी आमच्या दारात हजर. ओसरीवर फतकल मारून म्हणाली, "आबा, हा रस्सा माझ्या पातेल्यात पाहिजे."

"बाई, मी माळकरी माणूस."

"मग? माळ गळ्यात आहे, हातात थोडीच आहे?"

आबांनी दोन दिवस विचार केला आणि अटी घातल्या. शिजवायला घेईन तो फक्त रस्सा. ते दुसरं शिवणार नाही, चाखणार नाही, त्याचं नावही घेणार नाही. आणि ताटात टाकून उठणाऱ्याला तुम्ही पुन्हा वाढायचं नाही. अक्का म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर गिऱ्हाइकांना हात जोडायला लावते, पण रस्सा करा." अशी ती नोकरी सुरू झाली आणि माझं बालपण त्या रश्श्यावर पोसलं गेलं.

आता नाव न घेता काम कसं व्हायचं? सकाळी माल आला का, किती आला, कसा आहे, हे तर विचारायलाच लागतं. म्हणून आबांनी एक शब्द काढला, पाहुणे. "पाहुणे आले का?" "पाहुणे किती?" "पाहुण्यांना आंघोळ घातलीत का?" "कालच्यासारखे टणक नाहीत ना?" महिन्याभरात सगळी खानावळ असंच बोलायला लागली. मागच्या अंगणातल्या चुलीवर रहीमचाचा पाहुण्यांना हळद-मीठ लावून वेगळे शिजवायचे. आतल्या चुलीवर आबांचा रस्सा: निखाऱ्यात घालून काळा केलेला कांदा, जाळावर धरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, धणे, दगडफूल, लवंगी मिरची. दोन्हीकडं तयार झालं की रहीमचाचा पातेलं उचलून ओरडायचे, "पाहुणे आत येताहेत!" मग आबा डाव खाली ठेवायचे, हात धुवायचे, उंबऱ्यापाशी जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे आणि हात जोडायचे. पुढचं सगळं तिथूनच, पाठमोरं. "रहीम, डाव खालून फिरव. तर्री फोडू नको. पाणी आटलं बघ, उकळीचा आवाज जाड झालाय." चव बघायची ती रहीमचाचांनी. रमजानात मात्र पंचाईत! रहीमचाचांना रोजा, आबांची माळ, आणि अक्काला डॉक्टरांनी मीठ बंद केल्यामुळं तिला समुद्रसुद्धा अळणी लागायचा. मग शेजारच्या इस्त्रीवाल्याला हाक मारायची. महिनाभर तो माणूस रोज अकरा वाजता इस्त्री टेकवून तयारच बसलेला असायचा.

घरी मायचं राज्य. आबा चारच्या सुमाराला परत आले की त्यांना उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. परसातून यायचं, मोरीत आंघोळ करायची, तिथले कपडे परसातल्या खुंटीवर टांगायचे, देवाला हात जोडायचे आणि मग चहा. "नाकानं जेवून आलात का?" असं ती रोज विचारायची आणि आबा रोज म्हणायचे, "पोटभर." बारा वर्षांत हा संवाद एकदाही बदलला नाही. आणि गंमत अशी, की खानावळीचा मसाला मात्र मायच वाटायची, आमच्याच घरच्या पाट्यावर. दुपारभर तिच्या बांगड्यांचा आणि वरवंट्याचा आवाज चालायचा, गल्लीतल्या बायका शिंकत आमच्या दारावरून जायच्या. मी एकदा म्हटलं, "माय, तुझा मसाला कुठं जातो ते माहीत आहे ना तुला?" तर म्हणाली, "मसाला शाकाहारी असतो. पुढं तो कोणाच्या संगतीला लागतो, ते मी बघायला जात नाही."

मी मात्र बघत होते, आणि मला लाज वाटत होती. उगाच कशाला खोटं बोलू? फार लाज वाटत होती. कॉलेजात मैत्रिणींच्या वडिलांची बँक होती, शाळा होती, कचेरी होती. मला कोणी विचारलं की मी म्हणायची, "आमचे आबा मसाल्यात आहेत." हे वाक्य माझंच. अंगाला वास येतो की काय म्हणून मी वेणीला दोनदा साबण लावायची. मांस खाणाऱ्यांच्या मुली तर माझ्या वर्गात कितीतरी होत्या, त्यांचं त्यांना काही नव्हतं. आमचं दुखणं निराळंच. खाणाऱ्यांत आम्ही बसत नव्हतो, कारण माळ. माळकऱ्यांत बसत नव्हतो, कारण खानावळ. "आबा, सोडा ना ते काम," असं मी तीन वर्षांत किती वेळा म्हटलं असेल! आबा हसून म्हणायचे, "बघू."

हे सगळं आता आठवायचं कारण माझी धाकटी लेक. ती पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, आणि दोन वर्षांपासून तिनं मांसच काय, दूध, दही, तूप, मधसुद्धा सोडलंय. व्हीगन म्हणतात त्याला. घरी आली की बिनदुधाचा चहा पिते आणि मी तिच्याकडं न बघता माझा चहा पिते. मागच्या महिन्यात फोनवर रडवेली झाली. म्हणाली, "आई, मी खात नाही आणि दिवसभर लोकांना तेच करून वाढते. मी ढोंगी आहे का? सोडू का नोकरी?" मी म्हटलं, थांब, तुझ्या आजोबांचं लिहूनच पाठवते.

तर माझं स्थळ. मुलगा पाचोऱ्याला शाळेत मास्तर, घर बोदवडकडचं, शेती, कापूस, घरात सगळे माळकरी. मी त्यांना एका लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतं. ते वाढायला होते आणि माझ्या पानात त्यांनी दोनदा मीठ वाढलं. दुसऱ्यांदा वाढल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. झालं, माझं तिथंच ठरलं. त्यांचंही ठरलं असावं, कारण पंधरा दिवसांत मामा निरोप घेऊन आला. बोदवडचे नाना, म्हणजे मुलाचे वडील, मुलाला घेऊन रविवारी जेवायलाच येताहेत. मामानं माझंच वाक्य उचलून तिकडं सांगितलं होतं, आबांचं मसाल्याचं काम आहे. नाना खूश. मसाल्याचं काम म्हणजे त्यांना वाटलं, गिरणी असेल, दोन गडी असतील.

शनिवारी सकाळी आबा सायकल पुसत होते, तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "आबा, उद्या तेवढं खानावळीचं नका ना बोलू." ते चाक फिरवत राहिले. मी म्हटलं, "मला हे स्थळ हवंय." एवढं उघड मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आबा म्हणाले, "मी आपण होऊन काढणार नाही. पण त्यांनी समोर विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही, शैले. जमतच नाही, घशात अडकतं." मी म्हटलं, ते कशाला विचारतील? आबांनी बारा वर्षांत पहिल्यांदा रविवारची सुट्टी घेतली. रविवार म्हणजे खानावळीचा सगळ्यात गर्दीचा दिवस. रस्सा पहाटेच करून आले, आणि पुढचं रहीमचाचांवर सोपवलं.

घरचं जेवणही आबांनीच केलं. शेवभाजी, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, वर शेवयांची खीर. नाना आले. उंच, पांढरी टोपी, आवाज असा की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. मागे हे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून, माझ्याकडं सोडून घरातल्या सगळ्या वस्तूंकडं बघत. पाटावर बसले, मी वाढायला. नानांनी रश्श्यात भाकर कुस्करली, एक घास घेतला, डोळे मिटले. "आबा, हे काय केलंय हो!" दुसरी वाटी घेतली. तिसरी घेतली. मामा माझ्याकडं बघून भुवया उडवायला लागला. मी दाराच्या आड उभी राहून मनातल्या मनात हळदीला लागले होते.

तेवढ्यात दारात सायकल थांबली. रहीमचाचा. घाम गळतोय, खांद्यावर फडकं. त्यांनी आत पाहिलं, पाटावर बसलेली पांढरी टोपी पाहिली, माळ पाहिली. भला माणूस! त्यांना सगळं लगेच कळलं. इथं तो शब्द काढून चालणार नाही, म्हणून त्यांनी आपल्या परीनं फार सांभाळून, आबांना डोळ्यानं खूण करत सांगितलं, आणि हे मी त्यांच्याच बोलीत ठेवते,

"आबा, पाहुना उनात."

माय हसून म्हणाली, "आले की, कधीचेच. जेवताहेत बघा."

"ह्या नहीत, वहिनी. आपला पाहुना. बारा किलो."

नानांचा घास वाटीपाशीच थांबला. रहीमचाचांना वाटलं, आपलं कोणाला काही कळलेलं नाही, तेव्हा ते धीर येऊन पुढं बोलू लागले. "बठ्ठा टणक शेतस, आबा. म्हातारा दिसतस. शिजाले लई येळ लागी. अक्का इचारस, परत धाडू का बारीक कापी टाकू?"

बोदवडची बोली आमच्यापेक्षा वेगळी. पण सगळे टणक आहेत, म्हातारे दिसतात, परत पाठवू की बारीक कापू, एवढं कळायला कोणत्याच बोलीचं अडत नाही. नानांनी एकदा रहीमचाचांच्या खांद्यावरच्या फडक्याकडं पाहिलं, एकदा आपल्या मुलाकडं. मामा घाईनं म्हणाला, "मसाल्याची... मसाल्याची गिऱ्हाइकं आहेत ती." नाना म्हणाले, "गिऱ्हाइकं कापतात का तुमच्याकडं?" आणि मग सरळ आबांकडं वळले. "आबा, काय आहे हे?"

विचारलं. समोरच विचारलं. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली आणि आबांकडं बघत राहिले, की एवढा एक दिवस, एवढं एकच खोटं. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "नाना, मी मसाल्यात नाही. मी मटणाच्या खानावळीत आचारी आहे."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

नाना वाटीकडं बघत होते. मग म्हणाले, "हा रस्सा?"

"मीच केला."

"पातेलं?"

"घरचं. बाहेर गेलेलं नाही."

"मसाला?"

"हिनं वाटलेला. पाटा घरचा."

"आणि हात?"

आबा म्हणाले, "हात तेच."

नानांनी मोठा श्वास सोडला. रागावले होते, पण नुसते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं, हे आज मला समजतं. तेव्हा मला फक्त माझं लग्न मोडताना दिसत होतं. ते म्हणाले, "तुम्ही स्वतः खात नाही. मग दुसऱ्याला काहून रांधून घालता? मनाला लागत नाही का?"

"लागतं कधी कधी," आबा म्हणाले. "मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल, असं मी म्हणत नाही. ते चोरही म्हणतो. मला रस्सा येतो, आणि त्यावर माझं घर चाललं, एवढं खरं." मग म्हणाले, "मी त्याला पाहुणा म्हणतो. लोकांना वाटतं, किळस येते म्हणून. घरच्यांनाही तसंच वाटतं. तसं नाही हो. तो जीव काही आपल्या पायांनी आलेला नसतो. आणि आला की परत जात नाही. त्याला वाचवणं माझ्या हातात नाही. मग दारात आलेल्याची आबाळ तरी होऊ नये. करपू देत नाही, वाया जाऊ देत नाही, कोणाला ताटात टाकू देत नाही. आत आला की हात जोडतो. यानं मी सुटलो असं नाही. वर विचारतील तेव्हा सांगेन, हात माझेच होते."

एवढं बोलल्यावर त्यांना आठवलं की रहीमचाचा अजून दारातच उभे आहेत, पार पांढरे पडलेले. आबा त्यांना म्हणाले, "रहीम, परत पाठवू नका. कच्च्या पपईचा तुकडा टाका आणि मंद जाळावर ठेवा. टणक असले तरी शिजतील." रहीमचाचा "बरं" म्हणाले आणि सायकलवर न बसताच ती ढकलत पळाले.

परवा लेकीला मी फोनवर इथवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आजोबांचं बरोबर होतं की चूक?" मी म्हटलं, बाई, तू तिकडं तुझा काळा चहा पी आणि मला पुढचं आठवू दे.

नानांच्या वाटीत अर्धा रस्सा उरला होता. मला वाटलं, आता ते ताटातच हात धुतील. त्यांनी वाटी उचलली आणि संपवली. "टाकायची रीत आमच्यातही नाही," असं म्हणाले, आणि मग उठून हात धुतला. टोपी नीट केली. "आबा, तुम्ही खरं सांगितलंत, बरं वाटलं. मुलगीही पसंत आहे. पण उद्या चार माळकरी मला विचारतील, सोयरे काय करतात. तेव्हा सोयरिक जोडायची तर ते काम सोडा."

"सोडतो," आबा म्हणाले. लगेच. घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ घेतला नाही.

तीन वर्षं मी याच शब्दासाठी त्यांच्या मागे लागले होते. आणि तो आला तेव्हा मला तो ऐकवेना. काही तासांपूर्वीच ते पहाटे उठून रस्सा करून आले होते. माझ्यासाठी आलेल्या पाहुण्यांसाठी परत आले होते. ते उंबऱ्यापाशी उभे होते आणि हात नुसते लोंबत होते. मला ओरडावंसं वाटलं, आबा, नका. पण माझ्या तोंडातून आवाज निघायच्या आधी माय बोलली. बारा वर्षं ज्या बाईनं त्यांना आंघोळीशिवाय घरात घेतलं नव्हतं, ती पदर खोचून पुढं आली आणि गोड आवाजात म्हणाली,

"नाना, तुमच्याकडं शेळ्या आहेत म्हणे?"

"आहेत, पंधरा-वीस."

"मग बोकडही होत असतील."

"होतात की."

"त्यांचं काय करता?"

"काय करणार? मोठे झाले की बाजारात विकतो."

"असं होय," माय म्हणाली. "आणि मग तिथून पुढं ते काय शाळेत जातात का?"

हे पाणी पीत होते. त्यांना असा ठसका लागला, की पाणी नाकातून आलं. मामानं पाठीवर थापा मारल्या. डोळे पुसत, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या अशा अवस्थेत हे म्हणाले, "नाना, मी तर रोज हजेरी घेतो. माझ्या वर्गात अजून एकही आलेला नाही."

मला हसू आवरेना. दाराआडून माझं हसू सगळ्यांना ऐकू गेलं. आबासुद्धा खाली मान घालून हसले. हसले नाहीत ते फक्त नाना. त्यांनी चपला घातल्या, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवतो याचा अर्थ काय होतो, हे लग्नाच्या वयाच्या प्रत्येक मुलीला माहीत असतं.

ते गेल्यावर माय आबांवर उलटली. "सोडतो म्हणे! मला विचारलंत? माझा पाटा काय उन्हात वाळत घालू?" आबा सायकल काढून खानावळीत गेले, म्हाताऱ्या पाहुण्यांचं काय झालं ते बघायला. चारला परत आले, सवयीनं परसातून मोरीकडं वळले. तर माय आतूनच म्हणाली, "आधी चहा घ्या. आंघोळ कुठं पळून जात नाही." आबा उंबऱ्याबाहेर थबकून उभे राहिले. तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा आत आले. मी जवळ बसले. त्यांच्या अंगाला भाजलेल्या कांद्याचा आणि धुराचा वास येत होता. तो वास इतका जवळून मी पहिल्यांदा घेतला. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही नका सोडू. माझ्यासाठी तर मुळीच नका सोडू." ते म्हणाले, "आणि स्थळ?" मी म्हटलं, "जाऊ दे." आणि मग मात्र मला रडू आलं, कारण जाऊ दे असं मला मुळीच वाटत नव्हतं. दोनदा मीठ वाढणारा माणूस पुन्हा कुठं मिळणार होता?

तीन आठवडे काही आलं नाही. मी पोस्टमनकडं बघणं सोडून दिलं, म्हणजे तो आला की आत जायची आणि खिडकीतून बघायची. चौथ्या आठवड्यात एक कार्ड आलं. पत्ता आबांचा, पण वर लिहिलेलं, 'सौ. वहिनींना नमस्कार.' मायला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. नानांचं अक्षर बैलगाडीच्या चाकोरीसारखं होतं, खोल आणि वाकडं. लिहिलं होतं, 'घरात सगळ्यांनी मिळून विचार केला. बोकड शाळेत घालणं जमण्यासारखं नाही. विकणं थांबवणंही जमत नाही. तेव्हा आबांना काम सोडा म्हणायला मला तोंड उरलं नाही. त्यांनी सोडू नये. चार माणसं विचारतील त्यांना मी खरंच सांगेन. आम्ही पाहुणे टणक आहोत, हे खरं. पण परत पाठवू नये, ही विनंती.'

माझं लग्न झालं. रस्सा आबांनीच केला. अक्का नऊवारी नेसून पंगतीत बसली आणि शेव बाजूला सारून तीन वाट्या प्यायली.

पुढचं मला रहीमचाचांनी सांगितलं. नानांची बहीण धुळ्यात असायची. तिच्याकडं आले की नाना सकाळी दहाच्या सुमाराला खानावळीच्या मागच्या दारानं हळूच आत यायचे, कांद्याच्या पोत्यावर बसायचे आणि म्हणायचे, "आबा, पाहुणे यायच्या आत एक वाटी द्या." घरी कोणाला सांगायचं नाही, असं रहीमचाचांना बजावलेलं. एकदा कापसाच्या गप्पा लांबल्या. अंगणातून रहीमचाचांची हाक आली, "पाहुणे आत येताहेत!" आबांनी डाव ठेवला, हात धुतले, उंबऱ्यापाशी जाऊन पाठ फिरवली आणि हात जोडले. नाना वाटी हातात धरून गोंधळून उभे राहिले. मग वाटी खाली ठेवून तेही आबांच्या शेजारी गेले, पाठ फिरवून उभे राहिले, आणि त्यांनीही हात जोडले. आत पातेलं पातेल्यात रिकामं झालं. नानांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चला, पाहुणे आले. मी निघतो."

आबा म्हणाले, "बसा हो. पाहुणे ते. तुम्ही सोयरे."